आधी वय, मग पाय

"डॉक्टरसाब, पिल्लू बसलंय." बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात घरच्या कोंबड्या पाळणारी बाई तक्रार सांगते ती एवढ्याच शब्दांत. हातातल्या दुरडीत पिल्लू असतं, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले, एक पाय भलतीकडे गेलेला. अनुभवी डॉक्टर त्या पायाला हात लावण्याआधी विचारतो, "किती दिवसांचं, अक्का?" अर्धं निदान याच उत्तरात असतं. दोन दिवसांचं पिल्लू, दोन आठवड्यांचं पिल्लू आणि दोन महिन्यांची तलंग, तिघंही पायांवरून बसतात. पण कारणं इतकी वेगळी असतात, की एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दिवस वाया जातात. आणि पिल्लाच्या आयुष्यात एक दिवसही मोठा असतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय बाजूंना फाकलेले दिसले, तर आजार शोधण्याआधी जमीन बघावी. या भागात घरोघरी शहाबादी फरशी. ऊब राहावी म्हणून खोक्यात किंवा फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं जातं आणि त्यावर पिल्लाचा पाय पकड घेत नाही. ते उठायला जातं, घसरतं, पुन्हा उठतं. कोवळे सांधे हळूहळू बाहेरच्या बाजूला वळतात. उपाय कुणालाही घरी करता येतो. खाली खडबडीत गोणपाट टाकायचं आणि दोन्ही पायांना मऊ पट्टीची सैल बेडी घालायची. पाय शरीराखाली सरळ राहतील आणि तरी चालता येईल, एवढंच अंतर ठेवायचं. पट्टी रुतत नाही ना, हे रोज बघायचं. लवकर बांधलं तर बहुतेक पिल्लं काही दिवसांत नीट उभी राहतात. आठवडा उलटल्यावर मात्र तेच काम फार अवघड होतं.

दुसऱ्या आठवड्यातलं दुखणं वेगळं. पिल्लू तरतरीत असतं, खायला धावतं, पण पायांची बोटं आत मुठीसारखी वळलेली. ते घोट्यांवर टेकून सरपटतं. ही ब-२ जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता. घरात रेशनचा पांढरा तांदूळ असतो. त्याची कणी किंवा ज्वारीचा भरडा पिल्लांपुढे टाकला की पोट भरतं, पण मज्जातंतूंना लागणारं हे जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. खुडुक कोंबडीबरोबर उकिरड्यावर हिंडणारं पिल्लू किडे, कोवळा पाला वेचून ही उणीव भरून काढतं. खोक्यात वाढणाऱ्याला ती संधीच नसते.

तांदूळ आणि कोंबडीचे पाय यांचं नातं वैद्यकाच्या इतिहासात फार मोठं ठरलं आहे. बेरीबेरी या आजाराचा जंतू शोधायला जावा बेटावर गेलेल्या क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या 1890 च्या सुमारास लटपटू लागल्या, पाय लुळे पडून कोसळू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला शिजलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि साध्या, बिनपॉलिशच्या तांदळावर त्या उभ्या राहिल्या. तिथे उणीव ब-१ ची होती. पण जंतूशिवाय, केवळ अन्नात काहीतरी नसल्यामुळे पाय जाऊ शकतात, याचा ठोस धागा त्या कोंबड्यांनी दिला. आइकमनला 1929 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

भालकीच्या बाईला एवढ्या लांब जायची गरज नाही. ताकाच्या निवळीला जी हिरवट-पिवळी झाक असते, ती याच ब-२ ची. ती निवळी पिल्लांना पाजावी, शिवाय बी-कॉम्प्लेक्सचं औषध पाण्यातून द्यावं, रोज नवं पाणी करावं, भांडं उन्हात ठेवू नये. उजेडाने हे जीवनसत्त्व नासतं. बोटं नुकती वळू लागलेली असतील तर ती सरळ होतात. उशीर झाला तर मज्जातंतूची हानी तशीच राहते.

आणखी एक कारण मुडदूस. तो ओळखायला चोच दाबून बघावी. ती रबरासारखी वाकली तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड-३ कडे वळावं, पिल्लांना कोवळं ऊन दाखवावं. घोटा सुजून जाड झाला असेल आणि मागची शीर खाचेतून सरकून पाय आडवा वळला असेल, तर संशय मँगनीजच्या उणिवेचा. नुसत्या मक्यावर वाढवलेल्या पिल्लांत हा धोका जास्त, कारण मक्यात मँगनीज फार कमी. गव्हाचा कोंडा त्या बाबतीत कितीतरी उजवा. पण पूर्ण सरकलेली शीर कोंड्याने जागेवर येत नाही. कोंडा वाचवतो तो उरलेल्या पिल्लांना.

कधीकधी पाय मुळात ठीकच असतात. डिसेंबरात भालकीच्या पठारी रात्री गार असतात, वीज गेली की ऊब देणाऱ्या ब्रूडरचा बल्ब विझतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब हवी असते. गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढतात, खालची दबतात, सकाळी बसून राहतात. गुदद्वाराला पांढरी विष्ठा चिकटलेली दिसली तर पांढरी हगवण. तीन आठवड्यांनंतर विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. ही पिल्लं अशक्तपणाने बसतात, पायांमुळे नाही. म्हणून एका पिल्लाच्या पायाकडे बघताना नजर त्याच्या मागच्या बाजूकडे, खालच्या गादीकडे आणि सगळ्या थव्याकडे जायला हवी. कारण न बघता दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात मिसळणं ही या भागातली सर्वांत महाग सवय आहे. तिने ना बोटं सरळ होतात, ना गारठा जातो.

दोन आजारांपुढे मात्र औषध हरतं. पहिला मानमोडी, म्हणजेच राणीखेत; त्यात मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात आणि गल्लीच्या गल्ली रिकामी होते. दुसरा मॅरेक. 1907 साली हंगेरीच्या योझेफ मॅरेक यांनी कोंबड्यांतल्या या लुळेपणाची पहिली नोंद केली. बहुधा दीड-दोन महिन्यांनंतर तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून बसते. तिच्या पायाची मज्जातंतूची दोरी आत सुजलेली असते. मॅरेकची लस पिल्लू बाहेर पडताच उबवणी केंद्रातच टोचावी लागते, कारण पिसांच्या कोंड्यातून विषाणू लगेच गाठतो. बेंगळूरूत तयार झालेल्या गिरिराजासारख्या जातीची पिल्लं विकत घेताना म्हणूनच भावाआधी ही टोचणी झाली का, हे विचारावं. अंगाने भारी होणाऱ्या या जातीला पहिले पाच-सहा आठवडे नुसत्या कणीवर ठेवणंही तिच्या पायांवर अन्यायच आहे.

मानमोडीची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या निरोगी पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, एवढी सोपी. पण कुपीत मात्रा शंभराच्या पटीत असतात आणि बाईकडे पिल्लं असतात दहा-बारा. पाण्यात मिसळलेली लस बर्फावर ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून एकटीसाठी कुपी फोडायला कुणी धजत नाही आणि लस राहून जाते. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, सीमेपलीकडे उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञान जवळच आहे. कमी पडते ती एका सकाळची जुळवाजुळव. अंडी बसवतानाच चार घरांनी एकाच दिवशी खुडुक कोंबड्या बसवल्या, तर एकविसाव्या दिवशी सगळीकडे पिल्लं निघतील, आणि पुढच्या आठवड्यात एकाच ओसरीवर सगळ्या दुरड्या आणून एका कुपीत गल्लीचं काम होईल.