घसारा

कॉमर्सच्या पदवीधराला जगात जिकडेतिकडे घसारा दिसतो. आयकराच्या हिशेबात मोटारीला तो वर्षाला १५ टक्के, घटत्या मूल्याने: लाखाचे ८५,०००, त्याचे ७२,२५०. किती वर्षे वजा करीत बसा, शून्य म्हणून येत नाही. कागदोपत्री मोटार अमर!

मोटारीतल्या फोमला मात्र ही पद्धत कोणी शिकवलेली नाही. तो वीस वर्षे मुद्दलाला हात लावू देत नाही आणि एका पावसाळ्यात दिवाळे काढतो. आमच्या कै. सासऱ्यांच्या गाडीचे छत असेच जुलैत खाली आले. छत म्हणजे पत्रा नव्हे, आतले कापड. ते पातळ फोमला चिकटलेले, फोम वरच्या पुठ्ठ्याला. मधल्यामध्ये फोमचा पिवळा भुगा झाला की कापड मांडवाच्या झालरीसारखे लोंबते. सौभाग्यवती मागे बसून ते छत्रीच्या दांड्याने वर धरीत, आणि मी पुढचे बघत चालवी.

शेजारचे निवृत्त रसायनशास्त्री म्हणाले, "अहो, पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायरने काढले. त्याच्या काही जातींना दमट हवा सोसत नाही. वाफेने साखळ्याच तुटतात." आता डोंबिवलीत दमट नाही ती हवा आणायची कुठून? डॅशबोर्डची कथा उलटी, त्याला ऊन बाधते. पीव्हीसी जातीचे कडक. मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य घालतात. ते उन्हाने उडून काचेवर आतून तेलकट थर धरते आणि डॅशबोर्डला भेगा पडतात. म्हणजे वर्षानुवर्षे मी फडक्याने पुसत होतो तो डॅशबोर्डच!

कुशनवाल्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "साहेब, पूर्वी काथ्या आणि स्प्रिंगा असायच्या. टोचायच्या, पण टिकायच्या." मग छत, डॅशबोर्डचे कव्हर आणि चालकाची सीट असा आकडा त्याने सांगितला. सीटचा फोम ओलीने मेला नव्हता, वजनाने बसला होता. सासरे खिडकीवर कोपर टेकून चालवीत, त्यामुळे खळगाही उजवीकडे. मला तो मुळीच मापाचा नाही.

"सीट नको," सौभाग्यवती म्हणाल्या. "बाबांची जागा आहे ती."

"ताई, त्याचा पण एक दिवस भुगाच होणार."

"होईल तेव्हा बघू."

छत नवे झाले. मी कमरेमागे उशी घेऊन चालवतो, किंचित उजवीकडे कलून.