चाकूचं पाणी

"मेकॅनिकलला आहेस ना? मग एवढं येत असेलच तुला!" हे वाक्य मी मिक्सरपासून शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे ऐकलंय. मागच्या मे महिन्यात गुहागरला आजोबांनीही ते ऐकवलं आणि त्यांचा घडीचा चाकू माझ्या हातात ठेवला. आंब्याची कलमं बांधायचा चाकू. लाकडी मूठ, जेमतेम तीन इंचांचं कार्बन स्टीलचं पातं. म्हणाले, "धार लावून आण. माझा हात आता थरथरतो. राहू दे तुझ्याकडेच."

एवढा मान! मी चाकू थेट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नेला. सर पलीकडच्या बॅचकडे होते. बेंच ग्राइंडर सुरू केला आणि लावलं पातं. काय ठिणग्या उडाल्या! अर्ध्या मिनिटात टोक चकाकलं, वर एक निळी-जांभळी झाकही आली. मला ती इतकी आवडली की मी फोटो काढला.

जूनअखेर गावी गेले. आजोबांनी पातं उजेडात धरलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "पाणी गेलं गं याचं."

मी पडले कॉन्व्हेंटची! मला वाटलं, पातं ओलं राहिलंय. मी ओढणीने पुसायला लागले. आजोबा हसले, पण नेहमीसारखे नाही.

पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवणं, त्याला कडक करणं. म्हणजे आपलं क्वेंचिंग! नुसतं क्वेंच केलेलं पोलाद काचेसारखं तडकतं, म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंशांच्या आसपास तापवून टेम्पर करतात. पुढे कधी ते याहून जास्त तापलं की मऊ पडतं आणि धार टिकत नाही. पोलादावर निळा रंग येतो तो ३०० अंशांच्या सुमारास. पात्याचं टोक पातळ, त्यामुळे तेच आधी तापतं. हे सगळं मी मटेरियल सायन्सच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते... आणि ज्याचा फोटो काढला, ते माझ्याच चुकीचं तापमान होतं!

आजोबांचं दुःख कशाचं, हे कळायला कलम कसं बांधतात ते माहीत हवं. पावसाळ्यात कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा छेद देऊन ती त्यात बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काप सपाट नसेल तर फट राहते आणि कलम मरतं. म्हणजे सगळा खेळ धारेचा!

दुसऱ्या दिवशी पडवीत आमचा क्लास सुरू झाला. आजोबांनी निसणा काढला, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असलेला काळा दगड. तो पाण्याने ओला ठेवायचा. साध्या खिशातल्या चाकूला दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा कोन धरून घासायचं. कोन चुकतो असं वाटलं तर धारेवर मार्करने रेघ ओढा. शाई जिथे पुसली जाते, तिथेच दगड लागतोय. कलमाचा चाकू मात्र बहुधा एकाच बाजूने उतरता असतो, म्हणून तीच बाजू घासायची. घासता घासता पलीकडे बारीकशी कोर उभी राहते. अंगठा धारेवरून आडवा फिरवला की ती लागते (लांबीच्या दिशेने फिरवू नका, बोट कापेल!). कोर आली की बारीक दगडावर ती उतरवायची आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने ओढायचं. जोर लावायचा नाही. "दगडाला काम करू दे," आजोबा सारखे म्हणायचे.

बाकी निगा सोपी आहे. आंब्याचा चीक, लिंबाचा रस काही लागलं की लगेच धुवा, कोरडं करा आणि मगच घडी घाला. सांध्यातला मळ जुन्या टूथब्रशने काढा आणि तिथे तेलाचा एकच थेंब टाका. खायचं तेल नको, ते चिकट होऊन मळ धरतं. पातं फळाला लागणार असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. पात्यावर राखाडी छटा आली तर घाबरू नका, पण लाल गंज दिसला की ताबडतोब काढा. स्टेनलेस म्हणून निर्धास्त राहू नका. कोकणच्या खाऱ्या हवेत तेही गंजतं. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि चाकू म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर नव्हे. टोक मोडतं, शिवाय ज्या चाकूला लॉक नसतं तो बोटांवरच मिटतो.

टोकाचा मऊ पडलेला भाग आम्ही हाताने ओल्या दगडावर घासून काढला. अर्ध्या मिनिटाची चूक निस्तरायला तब्बल चार संध्याकाळी गेल्या! चाकू सेंटिमीटरभर आखूड झाला.

जुलैत दहा कलमं बांधली. काड्या आजोबांनी निवडल्या, छेद मी दिले. पहिल्या दोन पाचरी त्यांनी न बोलता फेकून दिल्या. तिसरी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाले, "बांध."

दहांपैकी चार जगली. आजोबा म्हणतात, पहिल्या वर्षाला पुष्कळ झाली. चाकू आता हॉस्टेलवर माझ्या टेबलाच्या खणात आहे, कोरडा आणि तेल लावलेला. ग्राइंडरचा फोटो डिलीट केलेला नाही. व्हायवाला टेम्परिंग विचारलं तर दाखवायला उपयोगी पडेल!