गिरनारचा बेत

राजकोटास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या घरी गावाकडून कोणी आले, की चार दिवसांत एक प्रश्न निघतोच : "गिरनारला केव्हा जायचे?" दत्तप्रभूंच्या पादुका तेथे आहेत, रजेचा आणि वेळेचा हिशेब यजमानाने करावयाचा. या खेपेस हा प्रश्न आईने विचारला, आणि माझ्या हाती तर एक रविवार तेवढा आहे.

जुनागढ येथून सुमारे १०० किलोमीटर. पुढे डोंगराच्या सुमारे दहा हजार पायऱ्या. आधी जैन मंदिरे, मग अंबाजी, मग सर्वांत उंच गोरखनाथ. तेथून पुन्हा खाली उतरून दत्तशिखराची चढण. २०२० सालापासून अंबाजीपर्यंत रोपवे झाला आहे. परंतु वारा फार सुटला की तो थांबवितात, आणि अंबाजीच्या पुढे पायांवाचून गती नाही. आईचे वय अडुसष्ट. गुडघे तिच्याहून थकलेले. एका दिवसात दत्तशिखर साधणार नाही, हे तिला सांगताना जीभ जड झाली. ती एवढेच म्हणाली, "जाववेल तिथून हात जोडीन."

बेत असा आखूड झाल्यावर दुपारचे दोन तास मोकळे उरले. ते मी एका शिळेसाठी राखले आहेत. गावातून डोंगराच्या पायथ्याकडे जाताना ही शिळा लागते. तिच्यावर अशोकाच्या चौदा धर्माज्ञा आहेत, इ. स. १५० मधील रुद्रदामन्‌चा संस्कृत लेख आहे, आणि स्कंदगुप्ताच्या काळचाही एक आहे. पुढल्या दोन लेखांत सुदर्शन तलावाची हकीकत येते. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधविला. अशोकाच्या अमलात तुषास्फ नावाच्या यवनाने त्याला पाट काढले. रुद्रदामन्‌च्या वेळी वादळी पावसात बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल. सचिवांनी काम होणार नाही असे मत दिले. (असा शेरा आम्हां कारकुनांच्या ओळखीचा आहे!) तरीही सुविशाख नामक पह्लव अमात्याने, प्रजेवर कर वा वेठ न लादता, तो बांध पूर्वीपेक्षा मजबूत करून दिला. पाचव्या शतकात तो पुन्हा फुटला, आणि सौराष्ट्राचा अधिकारी पर्णदत्त याचा पुत्र चक्रपालित याने तो पुन्हा बांधविला.

आज तो तलाव नाही. परक्या कुळातून येऊन या मुलखाची चाकरी करणाऱ्यांची नावे मात्र राहिली आहेत. बदलीच्या गावी आपण बहुधा परतीच्या हुकुमाकडे डोळे लावून दिवस काढतो. तेथले पाणी आपण पितो, पण ते कोठून येते हे कधी विचारीत नाही.

ही हकीकत मी आईला सांगितली, तेव्हा तिने विचारले, "तो सुविशाख मग आपल्या गावी परत गेला का रे?" शिळेवर त्याविषयी काहीच लिहिलेले नाही. रविवारी पहाटेची बस आहे. वारा वाढण्यापूर्वी अंबाजी, उतरल्यावर शिळा, असा क्रम ठरला आहे.