नोंदीच्या कागदावरची मिनिटं

डाव संपला की लेकरं निकाल सांगत धावत येतात. मी आधी नोंदीचा कागद मागतो. दीर्घ वेळेच्या डावात फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमाप्रमाणे आपली नि समोरच्याची प्रत्येक चाल लिहायची असते. आधी चाल करायची, मग लिहायची. शेजारी घड्याळातली वेळ लिहिलेलीही चालते. रेणापुरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या लेकरांना मी ही सवय हट्टानं लावतो. डाव कुठं सुटला, हे चालींच्या आधी त्या मिनिटांत दिसतं.

लातूरच्या एका स्पर्धेत आमच्या एका मुलीनं विसाव्या चालीच्या आसपास बराच वेळ घेतला होता. घोडा आत घुसवला आणि समोरच्याचा वजीर मारला. फार देखणी चाल! पुढं मात्र वेळेचे आकडे जवळजवळ हललेच नाहीत. चाली सेकंदांत झालेल्या, अक्षर मोठं, तिरकं, रेघ सोडून गेलेलं. शेवटी काळ्याचा एकटा राजा ए आठवर, हिचा राजा लांब, आणि हिनं वजीर नेला सी सातवर. शह नाही, पण राजाला सरकायला एकही घर नाही. स्टेलमेट. अर्धा गुण.

अडचणीच्या डावात लेकरं मन लावून बसतात. हातात आलेल्या डावात बसणं त्यांना जड जातं; जिंकलो, आता उठायचं, एवढंच डोक्यात असतं. ओपनिंगच्या चाली पाठ करून घेणं त्यामानानं सोपं आहे, आणि पालकांनाही तेच शिकवायला हवं असतं.

28 जुलै 2025 ला बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती 19 वर्षांची होती. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकचा पहिलाही. दुसरा तिनं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. लेकरांना तिचा चषक दिसला. मी त्यांना शेवटचा डाव लावून दाखवला: हंपीसारखी मुरलेली खेळाडूही घड्याळाच्या तगाद्यात चुकते, आणि ती चूक होईपर्यंत दिव्या बसून राहते.

हल्ली राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा, हा शेवट मी सगळ्यांना घड्याळ लावून खेळायला लावतो. हात मांडीवर ठेवायचे, समोरच्या राजाला उरलेली घरं मोजायची, मगच वजिराला हात लावायचा.