इसाराआधी ओळंबा

लातूर-नांदेडकडे घर घेणारा माणूस कागद फार बारकाईनं पाहतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, बोजा तपासतो, गुंठेवारीचा प्लॉट असला तर नियमित झालाय का ते विचारतो. घर मात्र संध्याकाळी, दिवे लावून, नव्या रंगाच्या वासात पाहतो आणि त्याच बैठकीत इसार देऊन मोकळा होतो. घरं तपासणं हा माझा धंदा आहे, आणि हे पाहून मला दरवेळी वाईट वाटतं.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर तिच्याबरोबर घरही हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली दिसली की मी विचारतो, ही उन्हाळ्यात रुंदावते का? पावसाळ्यात मिटते का? तसं असेल तर दोष गिलाव्यात नाही, पायात आहे, आणि कितीही पुट्टी भरली तरी पुढच्या वैशाखात ती भेग पुन्हा उघडणार. हे मालकापेक्षा घरातल्या बायकांना नेमकं ठाऊक असतं. म्हणून मी आधी त्यांच्याशी बोलतो. मग हातोडीनं स्लॅब हलकेच वाजवून पाहतो. आतली सळई गंजून काँक्रीट सुटलेलं असेल तिथं आवाज पोकळ येतो.

औसा, उदगीर, कंधारच्या जुन्या गल्ल्यांत दगड-मातीची घरं अजून विकली जातात. ‘भिंत दोन हात रुंद आहे साहेब, काय होतंय तिला?’ असं मला ऐकवलं जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी, सास्तूर भागात कोसळलेल्या भिंतीही अशाच रुंद होत्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही, सांध्यात नुसती माती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. हजारो माणसं त्याखाली गेली. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता; २००२ मध्ये तो तिसऱ्या क्षेत्रात घातला गेला. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडलाही जाणवले. अशा भिंतीला ओळंबा लावावा. तिला पोट सुटलं असेल तर थर एकमेकांना सोडताहेत असं समजावं. आरपार काँक्रीटचे बंध घालता येतात, माळवदाची माती उतरवता येते. पण तो खर्च किमतीतून वजा करायचा असेल, तर सौदा ठरण्याआधीच कळायला हवा.

विकणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. सहज न दिसणारा, पण तुम्हाला माहीत असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगणं हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं, कलम ५५ नं, तुमचं कर्तव्य ठरवलं आहे. ओलीवर घाईनं रंग मारू नका. ती दाखवा आणि भाव ठरवा. नव्या फ्लॅटमधले बांधकामाचे दोष ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचे, असं रेरा कायदा सांगतो. जुन्या घराला ते छत्र नाही.

म्हणून इसाराआधी एक अख्खी दुपार राखून ठेवा. इंजिनिअर नाहीच मिळाला तर गावातला जाणता गवंडी सोबत घ्या, आणि दिवाणखान्यात बसण्याआधी गच्चीवर चढा.