तीन बोटांचं मीठ, मूठभर गूळ

शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात स्वतंत्र अभ्यासाचा एक पेपर होता. मैत्रिणींनी पुण्यातल्याच बँका नि कारखाने निवडले. मी जलसंजीवनी निवडली आणि घरच्यांच्या कपाळावर आठ्या पाडून बांगलादेश गाठला. जुलाबांनी पोरं दगावणं त्या देशाने कसं कमी केलं, हे बघायचं होतं.

ढाक्यात महाखालीच्या कॉलरा हॉस्पिटलातल्या खाटेला मधोमध भोक असतं, खाली बादली. अंगातलं पाणी किती गेलं ते बादलीवरून मोजायचं आणि तेवढं परत भरायचं. वाचून माहीत होतं, तरी त्या दुपारी जेवण गेलं नाही.

खरा अभ्यास झाला फरीदपूरकडच्या खेड्यात. १९८० पासून दहा वर्षं ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन आयांना शिकवत होत्या: अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीतलं मीठ, मूठभर गूळ. अशी एक कोटीहून जास्त घरं झाली. मला भावली ती पगाराची पद्धत. काही दिवसांनी दुसरंच माणूस गावात यायचं, काही आयांना गाठून प्रश्न विचारायचं. आईला जितकं आठवे, तितके शिकवणारीला पैसे. आमच्या प्राध्यापकांना हा नियम लावला तर, हा विचार मनात आलाच!

तरीही सुरुवातीला पाठ असूनही बायका ते पाणी पाजत नव्हत्या. घरात पुरुषाचा शब्द चाले आणि त्याला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग बाजारात, मशिदीत पुरुषांना गाठून समजावलं गेलं. हे आधी का सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एका नानींनी मला सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, बोटांची चिमूट करून. सून मात्र म्हणाली, “आता गूळ कोण शोधतंय? दुकानात पुडी मिळते.” तिचं बरोबरच होतं. नानींना काही ते पटलं नाही.

पुढे नेपाळ. तिथे १९८८ पासून गावोगावी स्वयंसेविका आहेत; त्या ‘जीवनजल’ नावाच्या जलसंजीवनीच्या पुड्या आणि मुलांना अ जीवनसत्त्व देतात. आपल्याकडच्या ‘आशा’ सेविकांना निदान कामागणिक मोबदला मिळतो. यांना महिन्याचा पगार नाही, थोडाफार भत्ता तेवढा. काव्रे जिल्ह्यात भेटलेल्या दिदींना गवत कापायला जायचं होतं, म्हणून त्यांच्यामागून चढ चढत मी प्रश्न विचारत होते. धाप लागली होती मला, त्यांना नाही. बांगलादेशातली पगाराची ती पद्धत मोठ्या कौतुकाने सांगितली, तेव्हा त्या विळा हातात धरून थांबल्या.

“बहिनी, कापायला आधी पगार तर हवा!”