बाबांचा कोट आणि बोटीवरची 'फॉर्मल' संध्याकाळ

तर मंडळी, झालं असं की आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि मी उत्साहाच्या भरात सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझची चार तिकिटं काढून मोकळा झालो. आई, बाबा, बायको आणि मी. चार रात्री, मध्ये पेनांग आणि फुकेत. तिकिटं काढली तेव्हा फार शूर वाटलं. मग एका शुक्रवारी रात्री बोट कंपनीची मेल आली. त्यात पासपोर्ट, विमा, लसीकरण वगैरेच्या खाली एक निरुपद्रवी ओळ होती : दुसरी संध्याकाळ 'फॉर्मल नाइट'. पुरुषांसाठी सूट किंवा टक्सीडो, स्त्रियांसाठी इव्हिनिंग गाऊन किंवा तत्सम.

आता माझ्याविषयी सांगायचं तर आमच्या धंद्यात इस्त्रीचा शर्ट घालून गेलं की शेजारचा हळूच विचारतो, "इंटरव्ह्यू आहे का रे?" माझ्या कपाटात कंपनीचा लोगो असलेले सात टी-शर्ट आणि लग्नातला एक सूट. सुटाचं बटण आता लागत नाही हा भाग वेगळा. पण खरा प्रश्न माझा नव्हताच. प्रश्न बाबांचा होता. बाबांकडे सूट नाही. कधीच नव्हता. आणि याच बाबांनी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं सुटाचं कापड विणण्यात घालवली.

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे एमआयडीसीचं नाव तारापूर, स्टेशनचं नाव बोईसर, आणि तारापूर गाव तिसरीकडेच, समुद्राकाठी. लोकांना तारापूर म्हटलं की १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं. पण इथे औषधं, रसायनं, पोलाद आणि कापडही बनतं. देशभरातल्या दुकानांत जे सुटिंग-शर्टिंग मिळतं त्यातलं बरंचसं इथल्या मागांवरून उतरलेलं असतं. बाबा अशाच एका गिरणीत होते. आधी लूम फिटर, मग शेवटची काही वर्षं कापड तपासायला.

आणि आजोबा? ते नवापूरच्या बाजूला मासेमारी करायचे. त्यामुळे आमच्या घराण्यात समुद्रावर जायचं म्हणजे कपडे चढवायचे नसतात, उतरवायचे असतात. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी, झालं. त्यांच्या मुलाला समुद्रात जेवायला जाण्यासाठी गळ्यात बो बांधावा लागणार आहे हे त्यांना कळलं असतं तर होडीतून खाली पडले असते.

मी इंजिनियर माणूस. प्रॉब्लेम आला की गूगल करायचं, सोल्यूशन काढायचं, टिकिट क्लोज. बाबांना न विचारता त्यांच्या मापाचा एक काळा टक्सीडो ऑनलाइन भाड्याने ठरवला आणि रविवारी सकाळी चहाच्या वेळी फोटो दाखवला.

बाबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हे कोण घालणार?"

"तुम्ही."

"मी काय बँडवाला आहे?"

आई हसली. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही तिघं जा त्या जेवणाला. मी खोलीत बसतो. डब्यात काहीतरी नेऊ." आणि उठून गेले. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट. दोन दिवसांत विरघळेल. विरघळला नाही. उलट "तिकीट कॅन्सल करता येतं का बघ" इथपर्यंत गाडी आली.

मग मी जरा वाचायला बसलो. म्हटलं, हा नियम आहे तरी काय आणि किती कडक आहे? वाचता वाचता मजाच यायला लागली.

टक्सीडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क नावाच्या श्रीमंतांच्या वसाहतीवरून पडलं, १८८६ च्या आसपास. त्याआधी साहेबलोक रात्रीच्या जेवणाला लांब शेपटांचा कोट घालत. म्हणजे आज ज्याला आपण अतिकडक पोशाख समजतो तो त्या काळी 'काय हे ढिलेपण' या सदरात मोडत होता! पुढे विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटींवर लाल समुद्रातला उकाडा असह्य झाला की कोटही काढून ठेवायची सोय निघाली. नुसता पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद पट्टा. याला अजूनही 'रेड सी रिग' म्हणतात. आणि तो पट्टा कुठला? आपला कमरबंद! इथल्या गरमीत वेस्टकोट नकोसा झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि त्याचं 'कमरबंड' करून जगभर नेला. म्हणजे आजोबांच्या कमरेचा रुमाल आणि साहेबाचा कमरबंड यांत अंतर फक्त इस्त्रीचं.

दुसरी गोष्ट गांधीजींची. ४ सप्टेंबर १८८८ ला अठरा वर्षांचे मोहनदास मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले. काटे-चमचे कसे वापरायचे माहीत नाही, इंग्रजी बोलायची लाज, म्हणून जेवणाच्या टेबलावर जायचेच नाहीत. खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खायचे. बोटीवर काळा सूट वापरला आणि उतरताना घालायला पांढरा फ्लॅनेलचा राखून ठेवला. उतरले सप्टेंबरच्या अखेरीस आणि बघतात तर पांढऱ्या कपड्यांत सगळ्या बंदरात आपण एकटेच. ही लाज त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितली आहे. मी बाबांना हे वाचून दाखवलं. "बघा, तेसुद्धा खोलीत बसायचे." बाबा म्हणाले, "मग? पुढे पंचाच नेसले ना?" यावर काय बोलणार?

पण खरी कामाची गोष्ट पुढे सापडली. क्युनार्डसारख्या जुन्या वळणाच्या कंपन्या गाला संध्याकाळी डिनर जॅकेट किंवा गडद सूट मागतात खऱ्या, पण त्यांनाही आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो. काही कंपन्यांनी तर २००० सालापासूनच हे प्रकरण सोडून दिलंय. मी आमच्या कंपनीला मेल टाकली. उत्तर आलं, राष्ट्रीय पोशाख चालेल, आनंदाने या. मग मला आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो आठवला. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेला. शेजारी एक जपानी विद्यार्थिनी, एक सीरियाची, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत, अंगावर दागिने. त्यात कुठेही 'मला गाऊन नाही म्हणून साडी' असा भाव नाही.

आईचा प्रश्न त्यामुळे पाच मिनिटांत सुटला. आधी ती नऊवारी म्हणत होती. पण बोटीच्या जिन्यांवरून, हलत्या जमिनीवरून चालायचं आणि मदतीला फक्त सून, म्हणून सहावारी पैठणी ठरली. पदराला पिना जास्त, कारण डेकवर वारा नुसता फाडून खातो. चपला सपाट. आणि एक शाल, कारण जेवणाच्या हॉलमध्ये एसी असा असतो की जणू माणसं नाहीत, पापलेटं ठेवली आहेत.

आणि बाबा? एका रात्री जेवणानंतर ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, सूट नको तर नको. पण राग कशाचा आहे ते तरी सांगा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिरणीत मोठे व्यापारी यायचे माल बघायला. सूट घालून. ते यायच्या आधी आम्हाला सांगायचे, मागं व्हा, समोर दिसू नका. गंजीवर घाम असायचा ना. मी विणलेलं कापड तो माणूस हातात घेऊन बघायचा आणि मी खांबामागे उभा. वीस वेळा झालं असेल असं. आता तसलाच सूट घालून मी टेबलावर बसू आणि कोणीतरी पोरगा मला वाढणार?"

मंडळी, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. याच पगारावर माझं पालघरचं कॉलेज झालं, पहिला असेंबल केलेला कॉम्प्युटर आला, आणि मी एका क्लिकवर त्यांच्यासाठी त्या व्यापाऱ्याचा पोशाख भाड्याने ठरवला होता. बुकिंग त्याच रात्री रद्द केलं. बाबांना म्हटलं, "तुम्ही नेहमीच्या शर्ट-पँटमध्ये या. नाही आत सोडलं तर आपण सगळेच बुफेत जेवू. तिथे कोणी विचारत नाही." हे खरंच आहे. बहुतेक बोटींवर फॉर्मल नाइटलाही बुफे साध्या कपड्यांत चालतो. तिथेच विषय संपला असं मी धरून चाललो.

आईने संपवला नाही. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची पेटी काढायला लावली. तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात, एक सूट लेंथ. १९९७ च्या दिवाळीत गिरणीतून भेट मिळालेली. साधारण सव्वातीन मीटर, गडद राखाडी. बाबांनी ती माझ्या लग्नासाठी ठेवली होती आणि मी लग्नात मॉलमधला तयार सूट घेतला होता! बाबांनी कापड दोन बोटांत धरून चोळलं, उजेडात धरलं, काठ बघितला. "हे आमच्याच शेडमधलं. पॉलिव्हिस्कोस आहे, पासष्ट-पस्तीस. चुरगळणार नाही." थोडा वेळ घडीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "याचा सूट नको. बंद गळ्याचा कोट होईल. तो शिवू."

बोईसरच्या मास्तरांकडे गेलो. बाबांनी मास्तरांना दोन तास भंडावून सोडलं. अस्तर कुठलं, कॅनव्हास कसा, कॉलर किती उंच. आणि एक विचित्र अट : कापडाच्या काठावर गिरणीचं नाव विणलेलं असतं, शिंपी ते कापून टाकतात, ते टाकायचं नाही. आतल्या बाजूला, खिशाजवळ, लावायचं. मास्तर म्हणाले, "दिसणार कोणाला?" बाबा म्हणाले, "मला."

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर एक अनुभवाचा सल्ला. आगीच्या भीतीने बोटीच्या खोल्यांत इस्त्री वापरू देत नाहीत, घरून नेलीत तर सामान तपासताना काढून घेतात. तेव्हा शंभर टक्के लिनन वगैरे शौक घरीच ठेवा. बायकोचा लिननचा ड्रेस बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून टांगला तरी भजी घेतलेल्या वर्तमानपत्रासारखाच दिसत होता. माझ्या सुटाचं बटण बोईसरला तीन सेंटीमीटर सरकवलं होतं, तरी गोड येईपर्यंत ते उघडावंच लागलं. बाबांचा कोट बॅगेतून काढला, झटकला, घातला. एक सुरकुती नाही.

हॉलच्या दाराशी बाबा थोडे थबकले. झुंबरं, पांढरी टेबलं, काळ्या कोटातली माणसं. आईने त्यांचा हात धरला नाही, फक्त त्यांच्या आधी पुढे गेली. मग तेही आले.

आम्हाला वाढायला जो मुलगा होता तो गोव्याचा निघाला. बोटींवर गोव्याची मंडळी खूप. आई-बाबांचं बोलणं ऐकून तो मराठीतच बोलायला लागला. "काका, कोट एकदम मस्त आहे हं. कुठून घेतला?"

बाबा म्हणाले, "मीच विणलाय."

त्याला वाटलं गंमत करतायत. मग बाबांनी कोटाचं बटण काढून आतला काठ दाखवला आणि पुढची पंधरा मिनिटं उभा धागा, आडवा धागा, मिनिटाला माग किती फेरे मारतो, हे सगळं ऐकवलं. बाजूच्या टेबलावरचं सूप थांबलं होतं. शेवटी त्याच्या जॅकेटची बाही दोन बोटांत धरून म्हणाले, "तुझं हे नुसतं पॉलिस्टर आहे. उकडतं ना आत?" तो म्हणाला, "खूप उकडतं काका. कोणी विचारत नाही." बाबांनी त्याला तो किती महिने घराबाहेर असतो, पगार वेळेवर येतो का, हे सगळं विचारलं. मासा मात्र त्यांनी अर्धा ठेवला. "बर्फातला आहे," एवढंच म्हणाले, तेही तो मुलगा लांब गेल्यावर.

परत आल्यावर कोट पेटीत गेलेला नाही. दारामागे हँगरला आहे. मागच्या आठवड्यात भावकीत लग्न होतं, मे महिना, घामाच्या धारा, तरी घालून गेले. त्या सूट लेंथमधलं पँटचं कापड मात्र उरलंय. काल मला म्हणाले, "मास्तरांकडे जाऊन ये. माप नवीन दे, जुनं चालणार नाही तुला."

आज संध्याकाळी जातो.